दक्षिणेचे सोवळे

गेल्या महिन्यात आमच्या इंदुरातील एका देवस्थान मंडळाने आपल्या सभासदांस एक पत्रक वाटले. मंडळाचे नाव मी येथे देत नाही. मी स्वतः त्याचा जुना सभासद आहे, आणि घरचे भांडण चव्हाट्यावर आणावे लागले तरी घराचा क्रमांक सांगितलाच पाहिजे असे नाही. पत्रकाचा विषय यात्रेचा होता. मंडळाने आजवर काशी-रामेश्वर केले, बदरी-केदार केले. गोव्यातील कुलदेवतांची वारी तर वर्षाआड ठरलेलीच. आता मंडळाच्या मनाने एकदम पृथ्वीच्या तळाशी उडी घेतली आहे. येत्या मार्गशीर्ष-पौषात सतरा जणांनी अंटार्क्टिका खंडास जावयाचे, असे ठरत आहे. ज्यांनी आयुष्यभर पेढी सांभाळली किंवा शाळेत खडू झिजविला, अशा साठी-सत्तरीच्या गृहस्थांनी व गृहिणींनी एकदा हिमनग डोळ्यांनी पाहावा अशी इच्छा धरली, ह्यात हसण्यासारखे मला काहीच दिसत नाही. मी स्वतः नाव नोंदविले आहे आणि पहिला हप्ताही भरला आहे.

तथापि पत्रकाच्या दुसऱ्या पृष्ठावर ‘बरोबर घ्यावयाचे पूजासाहित्य’ ह्या मथळ्याखाली जी यादी आहे, ती वाचून मी अस्वस्थ झालो. अक्षता दोन शेर, हळदकुंकू, नारळ अकरा, तुळशीचे रोप कुंडीसह, नर्मदेची वाळू, समई, कापूर, पंचामृताचे साहित्य आणि काठीसह भगवा ध्वज. बर्फावर पाट मांडून सत्यनारायण करावयाचा, सर्वांनी साष्टांग नमस्कार घालावयाचा, आणि परतताना प्रत्येकाने तेथील एक-एक खडा आणून देवळाच्या आवारात त्यांची स्थापना करावयाची, असा कार्यक्रम. नर्मदेतील प्रत्येक कंकर शंकर मानणाऱ्या माळव्याने दक्षिण ध्रुवाकडील खड्यालाही तोच मान द्यावा, असे त्यामागचे समर्थन.

ह्या यादीस माझा विरोध आहे. सभेत मी तसे बोललो. तेव्हा आमचे अध्यक्ष नानासाहेब म्हणाले, “अहो मास्तर, इतकी वर्षे देवळात येता, आणि परक्या मुलखात देवाची लाज वाटू लागली की काय?” सभेत टाळ्या पडल्या. टाळ्यांना सभेत उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

प्रथम भूगोलाची एक दुरुस्ती करतो. तो विषय मी पस्तीस वर्षे शिकविला आहे. पत्रकात ‘दक्षिण गंगोत्रीचे दर्शन व मैत्री केंद्रास भेट’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. गंगोत्री हा शब्द दिसताच आपल्या लोकांचे हात जोडले जातात, हे मी समजू शकतो. परंतु दक्षिण गंगोत्री हे तीर्थ नव्हे. तिसऱ्या भारतीय मोहिमेने १९८३-८४ मध्ये बर्फाच्या तक्त्यावर उभारलेले ते आपले पहिले संशोधन केंद्र. काही वर्षांतच ते बर्फात रुतत गेले आणि १९९० च्या सुमारास सोडून द्यावे लागले. गंगोत्रीहून गंगा निघते. येथे गंगोत्रीच हिमात लुप्त झाली. मैत्री हे केंद्र त्यानंतरचे, शिर्माखर नावाच्या खडकाळ टापूतील. त्याचे अक्षांश जवळजवळ ७१ दक्षिण. पूर्वेकडील लार्समन टेकड्यांत २०१२ मध्ये भारती हे तिसरे केंद्र सुरू झाले. आमची आगबोट मात्र निघणार दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील उश्वाया बंदरातून, आणि ड्रेकची सामुद्रधुनी दोन दिवसांत ओलांडून अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यास लागणार. तेथून मैत्री हजारो किलोमीटर दूर, खंडाच्या निराळ्याच अंगास. इंदुराहून निघून मांडूस जाणाऱ्याने वाटेत जगन्नाथपुरी करू म्हणावे, तशातला हा प्रकार. ज्या प्रवासी कंपनीने हे वाक्य पत्रकात शिरू दिले, तिला नकाशा ठाऊक नसेल असे मी मानीत नाही; गिऱ्हाइकाची नाडी मात्र ठाऊक असावी.

गोमंतकीय वाचकांस येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम निघाली ती गोव्याच्याच किनाऱ्यावरून. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण ६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ ह्या नॉर्वेजियन जहाजाने निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या भूमीवर उतरले. आजही ह्या साऱ्या कार्याचे मुख्यालय, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, वास्को द गामा येथे आहे. मंगेशीच्या दर्शनास जाणाऱ्या शंभरांतील एकासही ते ठाऊक नसते. त्या पहिल्या मोहिमेच्या बातमीचे कात्रण माझ्या थोरल्या बंधूंनी चौकटीत घालून भिंतीवर लावले होते. त्या कात्रणाची गोष्ट पुढे येईल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर माणसाला कसे उतरवितात, ह्याची कल्पना आमच्या यात्रेकरूंना कोणी दिलेली नाही. ती दिली असती, तर मला वाटते, ही यादी निघालीच नसती. जहाजावर उतरण्याच्या आधीच्या दिवशी प्रत्येक प्रवाशाला आपला बाहेरचा पोशाख, पिशव्या, टोप्या, हातमोजे, छायाचित्रकाची तिकाटणी, इतकेच नव्हे तर हातातील काठीदेखील घेऊन हजर व्हावे लागते. खिसे उलटे करतात. धूळ ओढून घेणारे यंत्र शिवणींतून, घड्यांतून आणि व्हेल्क्रोच्या पट्ट्यांतून फिरवितात. गवताची एक काडी अडकलेली दिसली तर चिमट्याने काढतात. मग त्या तपासणीच्या कागदावर सही. किनाऱ्यावर जाताना गमबूट जंतुनाशक द्रावणात बुडवावयाचे. परत येताना पुन्हा घासूनपुसून बुडवावयाचे, म्हणजे एका बेटावरचे दुसऱ्या बेटावर जाऊ नये. बरोबर खाद्यपदार्थाचा कणही न्यावयाचा नाही. पक्ष्यांपासून पाच मीटर दूर राहावयाचे. पेंग्विन वाटेत आडवा आला तर आपण थांबावयाचे, त्याने नव्हे. आणि पक्ष्यांच्या साथीच्या भयामुळे अलीकडच्या वर्षांत आणखी एक कडक नियम आला आहे: किनाऱ्यावर बसावयाचे नाही, गुडघे टेकावयाचे नाहीत, आडवे व्हावयाचे नाही, हातातली पिशवीसुद्धा जमिनीवर ठेवावयाची नाही. पायांच्या तळव्यांखेरीज आपले काहीही त्या भूमीस लागता कामा नये.

म्हणजे पाट नाही, समई नाही, साष्टांग नमस्कारही नाही.

हे वाचून नानासाहेबांच्या पक्षास संताप येतो. ‘हा आमच्या धर्माचा अधिक्षेप,’ असे ते म्हणतात. मला हे नियम वाचून अगदी उलट वाटले. मला आमची आजी आठवली. ओलेत्याने स्वयंपाकघरात शिरणारी, वाळत घातलेला मुकटा काठीने उतरविणारी, आम्हां मुलांना ‘तेथेच थांब, शिवू नकोस’ असे उंबऱ्यापलीकडून बजावणारी. हे सोवळे आहे, वाचकहो! ज्या समाजाने गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी चामड्याचा पट्टा उतरविला, पाय धुतल्यावाचून सभामंडपाची पायरी चढली नाही, बाहेरचे अन्न नैवेद्याच्या ताटाजवळ येऊ दिले नाही, त्या समाजाला उश्वायाच्या जहाजावरील तो चिमटा आणि ते द्रावण परके का वाटावे? जगातील कोणालाही हे नियम समजावून सांगावे लागतील. आपल्याला लागू नयेत. आपण ते पाळावयाचे सोडून त्यांतून सवलत मागत आहो, ह्याचेच मला नवल वाटते.

सोवळे ह्या शब्दाबरोबर त्याचे पापही आठविले पाहिजे, नाहीतर तो शब्द उच्चारण्याचा अधिकार राहात नाही. आपल्या सोवळ्याने माणसांना बाहेर ठेविले. पंढरपूरचा दरवाजा उघडावा म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले, ही गोष्ट फार जुनी नव्हे. ते सोवळे गेले, जावयासच हवे होते. परंतु अंटार्क्टिकाचे सोवळे जात पाहात नाही, पैसा पाहात नाही. कोट्यधीशाचे बूट ज्या द्रावणात बुडतात त्याच द्रावणात जहाजावरील आचाऱ्याचे बुडतात. विटाळ मानला आहे तो माणसाच्या बुटाला चिकटलेल्या मातीचा, माणसाचा नव्हे.

आणि हा विटाळ काल्पनिकही नाही. किंग जॉर्ज बेटावर पोलंडचे एक संशोधन केंद्र आहे. त्याच्या परिसरात १९८५-८६ च्या सुमारास एक साधे गवत उगवलेले दिसले. युरोपात पायवाटेच्या कडेला सर्वत्र उगवणारे. कोणाच्या तरी बुटाबरोबर किंवा सामानाबरोबर ते गेले. ज्या खंडावर फुले धरणाऱ्या देशी वनस्पती अवघ्या दोन, तेथे हा तिसरा बिनबोलाविता येऊन बसला, आणि त्याला उपटून काढण्याचे काम पुढे कित्येक वर्षे पुरून उरले. २००७-०८ च्या हंगामात शास्त्रज्ञांनी तेथे जाणाऱ्या प्रवाशांचे कपडे व पिशव्या झाडून पाहिल्या. माणशी सरासरी नऊ-दहा बिया निघाल्या. २०१२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ह्यात माणशी अधिक बिया पर्यटकांच्या नव्हे तर संशोधकांच्या सामानात होत्या, हेही सांगितले पाहिजे. परंतु पर्यटकांची संख्या पुष्कळ मोठी. ह्या नऊ-दहा बिया नकळत गेलेल्या. आणि आम्ही काय नेणार? कुंडीभर मातीसह तुळस, जाणूनबुजून, मंत्र म्हणत.

कुत्र्यांची गोष्ट तर मला फार बोलकी वाटते. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो कुत्र्यांच्या बळावर. त्यानंतर ऐंशी वर्षे ह्या जनावरांनी तेथे गाड्या ओढल्या. तथापि १९९१ च्या माद्रिद येथील करारात ठरले की, १ एप्रिल १९९४ नंतर त्या खंडावर एकही कुत्रा राहावयाचा नाही. त्यांच्यापासून सीलांना रोग होण्याचे भय होते. ज्यांनी तो खंड माणसाला दाखविला त्यांनाही जावे लागले, आणि बरोबर राहिलेल्या माणसांनी ते डोळ्यांत पाणी आणून मान्य केले. आपल्या अकरा नारळांचा अधिकार त्या कुत्र्यांहून मोठा आहे काय?

पक्ष्यांच्या ज्या साथीचा उल्लेख वर केला, ती एच-फाइव्ह-एन-वन नावाची. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती दक्षिण जॉर्जिया बेटावर पोहोचल्याचे सिद्ध झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर. स्कुआ नावाचे समुद्रपक्षी मेलेले आढळले. ती वाऱ्यावर उडणाऱ्या पक्ष्यांनीच तेथे नेली, माणसाने नव्हे. परंतु जेथे रोग पडलेला आहे तेथे एका वसाहतीतील विष्ठा गुडघ्याला लावून दुसऱ्या वसाहतीत जाणारा माणूस काय करीत असतो, हे देवीच्या साथीच्या आठवणी ऐकलेल्या आपल्या पिढीला सांगावयास नको.

शिवाय हा केवळ जहाजाच्या कप्तानाचा हट्ट नव्हे. आपल्या संसदेने २०२२ मध्ये भारतीय अंटार्क्टिक अधिनियम संमत केला आहे. त्यात निर्जंतुक न केलेली माती त्या खंडावर नेण्यास मनाई आहे. नर्मदेची वाळू आम्हांला पवित्र. कायद्याच्या दृष्टीने ती निर्जंतुक न केलेली माती. खडे, पिसे, हाडे उचलून आणण्याचीही बंदी आहे. नर्मदेच्या कंकराचा दाखला देणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की, नर्मदेची परिक्रमा करणारा तिच्या पात्रातून कोठेही आडवा जात नाही, किनारा धरून चालतो. आपण तिचे पाणी पितो, तिच्याकडून एवढे शिकावयास हरकत नव्हती.

आता प्रतिपक्षाचे बळकट मुद्दे. ते मी टाळणार नाही.

नानासाहेबांचे पुतणे चांगले वाचन असलेले आहेत. ते म्हणतात: किंग जॉर्ज बेटावर रशियनांचे लाकडी चर्च आहे, २००४ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली, लिव्हिंग्स्टन बेटावर बल्गेरियनांचे प्रार्थनामंदिर आहे, अमेरिकनांच्या मॅकमर्डो केंद्रातही एक आहे. मग आमच्या एका पूजेनेच पृथ्वी बुडते काय? हा प्रश्न खरा आहे, आणि त्यात जी वेदना आहे तीही खोटी नाही. परंतु ती देवळे कोणासाठी आहेत? जे लोक सहा-सहा, बारा-बारा महिने तेथे राहतात, ज्यांना हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, ज्यांचा साथीदार तेथेच मरतो, त्यांच्यासाठी. ती केंद्राच्या आवारात आहेत, पेंग्विनांच्या वसाहतीत नव्हेत. आपल्या मैत्रीवर किंवा भारतीवर हिवाळा काढणाऱ्या एखाद्या तरुणाने आपल्या खोलीत गणपतीचे चित्र लावले, संकष्टीला हात जोडले, तर त्याला नावे ठेवणारा मी कोण? तीन तास उतरून छायाचित्रे काढणाऱ्या आम्ही त्याच्याशी बरोबरी सांगू नये. आणि एकाने वेशीत खांब रोवला म्हणून दुसऱ्यानेही रोवावा, हा न्याय गावकीच्या भांडणात चालतो.

ध्वजाबद्दल तर मला बोलण्याचाही कंटाळा येतो. ध्वज रोवण्याच्या शर्यतीत स्कॉट आणि त्याचे साथी १९१२ मध्ये प्राणांस मुकले. सात राष्ट्रे त्या खंडाच्या फाळण्या करून बसली होती. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी करार करून ते सारे हक्क जेथल्या तेथे गोठविले आणि ती भूमी शांततेला व विज्ञानाला दिली. त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडू पाहणारा देश भारत होता. ज्या देशाने हे म्हटले त्याच्या नागरिकांनी काठी घेऊन जावे, हे मला शोभत नाही असे वाटते. जोराचा वारा सुटल्यावर ती काठी कोणाच्या डोळ्यांत जाईल तो विचार निराळाच.

दुसरा मुद्दा भक्तीचा. राजाच्या, देवाच्या व गुरूच्या भेटीस रिकाम्या हाताने जाऊ नये, ही शिकवण आपल्याला पाळण्यात मिळाली. मग तेथे रिकाम्या हातांनी कसे जावे? ह्यावर माझ्या सौभाग्यवतीच्या मावशींनी, ज्या फोंड्याजवळच्या आहेत आणि ज्यांनी आयुष्यात गोव्याबाहेरचा प्रवास इंदूरपर्यंतच केला, मला फार सोपे उत्तर दिले. आमचा वाद ऐकून त्या म्हणाल्या, “देव सगळेकडेन आसा म्हणटात, मागीर ताका पेटयेंत घालून कित्याक व्हरतात?” देव सर्वत्र असेल तर त्याला पेटीत घालून नेण्याचे कारण काय, ह्याला नानासाहेबांकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते, फक्त माझ्या सोयीचे होते.

देव बरोबर नेण्याचा इतिहास आपल्या लोकांना कोणी सांगावयास नको. पोर्तुगीजांच्या काळात, १५६० मध्ये, श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळास नेले गेले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. ज्यांनी ते केले त्यांच्या मागे देवळे पाडणारी सत्ता होती, पुढे अंधारी नदी होती. देव हलविला तो वाचविण्यासाठी, त्याच्यासह आपण वाचण्यासाठी. त्या रात्रींचे नाव घेऊन विमानाच्या पेटीतून नारळ नेण्याचे समर्थन करणे, जसे पत्रकाच्या प्रस्तावनेत केले आहे, हे मला त्या पूर्वजांचा अपमान करण्यासारखे वाटते. येथे कोणता देव संकटात आहे? संकटात असलीच तर ती भूमी आहे, आणि संकट आपण आहो.

ह्यात काळाने केलेली एक थट्टा माझ्या लक्षात आल्यावाचून राहात नाही. आपल्या पणजोबांच्या काळी समुद्र ओलांडणे निषिद्ध होते. विलायतेहून परतलेल्या मुलाला पंचगव्य प्राशन करावे लागे, पंक्तीत घ्यावे की न घ्यावे ह्यावर जातीत तट पडत. प्रश्न असे तो हा की, समुद्र ओलांडून माणूस भ्रष्ट होतो काय. तो वाद हास्यास्पद ठरून कधीच संपला. आज प्रश्न फिरला आहे: समुद्र ओलांडून गेलेल्या माणसामुळे पलीकडची भूमी भ्रष्ट होते काय? आणि ह्या वेळी उत्तर ‘होय’ असे आहे, यंत्राच्या पिशवीत बिया मोजून दिलेले.

मग मुळात जावेच का? हा प्रश्न मला माझ्या एका विद्यार्थ्याने विचारला आणि त्याने मला निरुत्तर केले. २०२३-२४ च्या हंगामात एक लाखाहून अधिक प्रवासी अंटार्क्टिकास गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे अनुमान आहे की, जहाजांच्या व इतर यंत्रांच्या काजळीमुळे एकेका प्रवाशामागे सुमारे ८३ टन बर्फ लवकर वितळते. मे २०२४ मध्ये कोची येथे करारातील राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा ह्या पर्यटनाला बांध कसा घालावा हाच तेथे एक मोठा विषय होता. हे सारे वाचूनही मी नाव मागे घेतलेले नाही. ह्याचे समर्थन मी करू शकत नाही. इच्छा आहे, एवढेच म्हणतो. परंतु ज्याचे जाणेच वादग्रस्त आहे त्याने निदान यजमानाच्या घरी आपली चूल मांडू नये.

जावे कसे, ह्याचा दाखला हवा असेल तर तो लांब शोधावयास नको. १९८३-८४ च्या ज्या मोहिमेने दक्षिण गंगोत्री उभारली, तिच्यात दोन स्त्रिया होत्या, भारतीय मोहिमेबरोबर अंटार्क्टिकास गेलेल्या पहिल्या स्त्रिया. त्यांतील डॉ. अदिती पंत नागपुरात जन्मलेल्या, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या, आणि औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या. सूर्यनमस्काराचा देशभर प्रसार करणारे औंधचे राजेसाहेब हे त्यांचे आजोबा. त्या तेथे गेल्या त्या समुद्राचे पाणी तपासावयास. आजोबांच्या सूर्याला नातीने ज्या मुलखात पाहिले तेथे उन्हाळ्यात तो मावळतच नाही. मला हे चित्र कोणत्याही पाटावरच्या पूजेहून अधिक गंभीर वाटते. आमच्यापैकी कोणी शास्त्रज्ञ नाही, हे खरे. परंतु डोळे उघडे ठेवून, हात खिशात ठेवून पाहावे, एवढे तर कोणालाही जमेल.

इंदूरकरांस एक शब्द. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील स्वच्छ नगरांत पहिला क्रमांक मिळाल्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो व्यर्थ नाही. सराफ्यात मध्यरात्री खाऊन उठणारा माणूस हातातला द्रोण रस्त्यावर न टाकता पेटी शोधतो, हे मी पाहिले आहे. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, निर्माल्यदेखील वेगळे, असे आपण आपल्या मुलांना शिकविले. ती सवय विमानतळावर ठेवून जावयाची आहे काय?

आता राहिली ती सर्वांत कठीण गोष्ट. तिच्यावर टाळ्या पडत नाहीत.

माझे थोरले बंधू चार वर्षांपूर्वी वारले. १९८२ चे ते कात्रण त्यांचेच. निवृत्त झाल्यावर तेथे जावयाचे, असे ते दर दिवाळीला म्हणत; मग मुलीचे लग्न आले, मग घराचे छत आले, मग हृदयविकार. आता थोरल्या वहिनी त्यांच्या जागी निघाल्या आहेत. त्या बहात्तर वर्षांच्या आहेत, आणि ज्या तुळशीवृंदावनाला बंधू रोज सकाळी पाणी घालीत, त्यातील मूठभर माती त्यांनी एका पुरचुंडीत बांधून ठेवली आहे. ती त्यांना तेथे टाकावयाची आहे. पत्रकातील यादीशी ह्या पुरचुंडीचा काही संबंध नाही. त्यांना ध्वज नको, छायाचित्र नको. त्यांनी मला फक्त विचारले, “भाऊजी, मूठभर मातीने काय होणार हो?”

नानासाहेबांना मी दोन तास उत्तर देऊ शकतो. वहिनींना मी काय सांगावे? मी सांगितले ते असे: त्या मूठभर मातीत आपल्याला दिसत नाहीत असे लक्षावधी जीव असतात, गवताच्या बिया असतात, किड्यांची अंडी असतात, दादांनी ज्या जागेवर आयुष्यभर दुरून प्रेम केले, तेथे आपण काही उगवून येऊ देणे त्यांना आवडले नसते. मुंगी चिरडू नये म्हणून वृंदावनाभोवती वळसा घालून चालणारे ते. वहिनी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यांचे काहीच तेथे पोहोचावयाचे नाही.” मी म्हटले, तुम्ही पोहोचाल. हे बोलताना माझा मलाच आवाज खोटा वाटला, कारण ह्या वाक्याने कोणाचे समाधान होत नसते. परंतु वाक्य खरे होते.

येत्या रविवारी देवळाच्या सभामंडपात मंडळाची पुन्हा सभा आहे. मी लेखी दुरुस्ती दिली आहे. पूजासाहित्याची यादी संपूर्ण गाळावी. सत्यनारायण निघण्यापूर्वी येथेच, आपल्या देवळात करावा, आणि त्याच्या प्रसादानंतर सर्वांनी आपापले बूट, पिशव्या व कोट घरी स्वच्छ झाडून घ्यावेत. पाचशेहून अधिक प्रवासी असलेले जहाज घेऊ नये, कारण अशा जहाजाला कोणासही किनाऱ्यावर उतरविता येत नाही. एका वेळी शंभराहून अधिक माणसे किनाऱ्यावर नसावीत असाही नियम असल्याने लहान जहाजच बरे. दक्षिण गंगोत्री व मैत्री ही नावे पत्रकातून काढावीत. संकटकाळी रुग्णास परत आणण्याचा विमा प्रत्येकाने उतरवावा, कारण तेथे जवळपास दवाखाना नाही. किनाऱ्यावर ज्यांना नमस्कार करावयाचा असेल त्यांनी उभ्यानेच हात जोडावेत. खडा कोणीही आणू नये.

नानासाहेबांनी दुरुस्ती विषयपत्रिकेवर घेतली आहे, सर्वांत शेवटी, चहाच्या नंतर. वहिनींची पुरचुंडी अजून त्यांच्या कपाटात आहे. त्यांनी मला होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. काल मात्र नातवाकडून निरोप पाठविला, की जहाजावर मिळणाऱ्या गमबुटांसाठी त्यांच्या पायाचे माप पाच आहे, लोकरीचे मोजे धरून सहा.